वासोटा एका दिवसात: परतीच्या बोटीपासून मागे मोजा

सातारा जिल्ह्यातल्या वासोटा किल्ल्यावर जाणारे बहुतेक जण सुरुवातीला विचारतात, 'चढायला किती वेळ लागतो?' खरं तर आधी विचारायला हवं ते बोट किती वाजता परत निघणार हे. साताऱ्याच्या बाजूने या गडाला गाडीरस्ता नाही. मध्ये शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा फुगवटा आहे आणि तो बोटीनेच ओलांडावा लागतो. गड कोयना अभयारण्यात असल्याने मुक्कामाला परवानगी नाही. सह्याद्री व्याघ्र प्रकल्प २०१० साली झाला, त्यातही हे जंगल येतं. म्हणजे सकाळी गेलेल्या प्रत्येकाने अंधार पडायच्या आत पाण्याच्या अलीकडे यायलाच हवं. दिवसाचं सगळं गणित या एका गोष्टीवर बसतं.

वेळापत्रक उलटं मांडा

डिसेंबरात साताऱ्याकडे सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. बोटी सुटतात ते बामणोली गाव ते गडाचा पायथा हा प्रवास साधारण दीड तासाचा. तेव्हा साडेचारला पायथ्यावरून बोट सुटली पाहिजे. उतरायला दीड ते दोन तास धरा, म्हणजे माथा सोडायची वेळ अडीच. गड नीट बघून दोन घास खायचे तर वर दोन तास हवेत, म्हणून साडेबारापर्यंत माथ्यावर. सवय नसलेल्या माणसाला चढायला अडीच तास लागतात, तेव्हा दहाला चढाई सुरू. बोट साडेआठला. परवानगीचे कागद, बोटीचा नंबर आणि चहा यांत तासभर सहज जातो, म्हणून साडेसातला बामणोलीत. साताऱ्याहून निघायचं सहाला.

या साखळीत उशीर होतो तो जवळजवळ नेहमी सकाळी, आणि कापली जाते ती माथ्यावरची वेळ. सात-साडेसातला साताऱ्यातून निघालेली मंडळी दीड-दोनला धापा टाकत वर पोचतात, माथ्यावरच्या बाबूकड्याला हात लावल्यासारखं करतात आणि लगेच उतरायला लागतात. घाईत उतरताना पाय मुरगळतात.

कधी जावं

पावसाळ्यात गड बंद असतो. पाऊस सरल्यावर, साधारण ऑक्टोबरच्या मध्यापासून वाट खुली होते. ऑक्टोबरात जंगल हिरवंगार असतं, पण ओल असते आणि जळवा असतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ. मार्चनंतर ऊन तापतं, शिवाय धरणातलं पाणी खाली गेल्याने बोट अलीकडेच थांबते आणि उघड्या पडलेल्या चिखलातून किंवा तडकलेल्या गाळातून जादा चालावं लागतं. पाणी खाली जाईल तसा चढही वाढतो, हे पुष्कळांच्या लक्षात येत नाही.

शनिवार-रविवार आणि नाताळचा आठवडा टाळता आला तर टाळाच. बोटी क्रमाने सुटतात. गर्दीच्या दिवशी साडेसातला पोचूनही नंबर उशिरा लागू शकतो.

आठवडाभर आधी

धरण भरलेलं असताना पाण्याची पातळी समुद्रसपाटीपासून सुमारे ६६० मीटर असते. वासोट्याचा माथा ११७१ मीटर. म्हणजे निव्वळ चढ पाचशे मीटरचा. साताऱ्याचा अजिंक्यतारा किल्ला शहरापासून जेमतेम तीनशे मीटर वर आहे. सातारकरांसाठी सोपी परीक्षा अशी: पाठीवर दोन लिटर पाणी घेऊन शहरातून पायी अजिंक्यताऱ्यावर जा. एकदाच थांबून वर गेलात आणि दुसऱ्या दिवशी गुडघे बोलले नाहीत, तर वासोटा जमेल. ज्यांना तिथेच तीनदा बसावं लागलं त्यांनी महिनाभर रोज चालून मग बेत ठरवावा. आठ-दहा वर्षांची चालती मुलं हा गड छान चढतात. पाच वर्षांच्या मुलाला मात्र शेवटी कुणाला तरी उचलूनच घ्यावं लागतं.

माणसं दहाच्या आसपास जमवा. कारण साधं आहे: बोट अख्खी ठरवावी लागते, डोक्यागणिक नाही, आणि एका बोटीत साधारण दहा-बारा जण बसतात. चौघेच गेलात तर तेवढेच पैसे चौघांत वाटून घ्यावे लागतात. बामणोलीत दुसरा छोटा गट भेटला तर एकत्र जाता येतं, फक्त त्यांचा चालण्याचा वेग आधी विचारून घ्या. बोट सगळे खाली आल्याशिवाय हलत नाही.

बामणोलीला पोचणं

साताऱ्यातून समर्थ मंदिर चौक, यवतेश्वर घाट, कास पठार, कास तलाव आणि पुढे उतरणीचा घाट, असा पस्तीस-चाळीस किलोमीटरचा रस्ता आहे. पहाटे कासवर धुकं दाट असतं, म्हणून सव्वा-दीड तास धरा. पेट्रोल साताऱ्यातच भरा आणि रोख पैसे जवळ ठेवा. पुढे मोबाइलला रेंज कधी असते कधी नसते, त्यामुळे स्कॅन करून पैसे देण्याच्या भरवशावर राहू नका. सातारा स्टँडवरून बामणोलीला एसटी आहे, पण फेऱ्या थोड्या. एसटीने येणाऱ्यांनी आदल्या संध्याकाळी येऊन गावातच मुक्काम करावा. पुण्या-मुंबईकडून येणाऱ्यांनाही हेच सोयीचं. रात्रभर गाडी चालवून थेट चढाईला लागणं म्हणजे अर्धा दिवस झोपेत घालवणं.

बोटी शेंबडी आणि मुनावळे इथूनही मिळतात. मुनावळे वासोट्याला पाण्यावरून जास्त जवळ आहे, त्यामुळे बोटीतला वेळ वाचतो. तापोळ्याहून यायचं तर पाण्यावरचा पल्ला लांबतो. महाबळेश्वरच्या सहलीत वासोटा 'जोडून' घेणाऱ्यांचं गणित इथेच चुकतं.

कागद आणि बोट

वन विभागाची परवानगी बामणोलीत मिळते. गटातल्या सगळ्यांची नावं, वयं आणि गटप्रमुखाचा फोन नंबर घरूनच एका कागदावर लिहून आणा, ओळखपत्राच्या झेरॉक्सही ठेवा. ऐनवेळी 'तुझं आडनाव काय रे' करत अर्धा तास जातो. प्रवेश, कॅमेरा आणि वाटाड्या यांचे पैसे वेगवेगळे लागतात. दर बदलत असल्याने आदल्या दिवशी बोटवाल्यांना फोन करून विचारा.

बोट ठरवताना दोन गोष्टी पक्क्या करा. पहिली, भाड्यात पायथ्याशी थांबण्याचे किती तास धरलेत आणि पुढच्या प्रत्येक तासाला किती पडतात. दुसरी, परत निघायची वेळ. ती नावाड्याच्या तोंडून सगळ्या गटासमोर वदवून घ्या. लाइफ जॅकेट अंगात घालून बंद लावा, मांडीखाली घेऊन बसू नका. हिवाळ्यात सकाळी पाण्यावर धुकं बसलं तर नावाडी बोट सोडत नाहीत. त्यात घासाघीस करू नका, बोट उशिरा सुटली तर वरचा वेळ कमी करा.

पाठपिशवीत काय

माणशी तीन लिटर पाणी, तेही स्टीलच्या बाटलीत. पायथ्याला वन विभागाच्या चौकीवर पिशव्या तपासतात, प्लॅस्टिकच्या वस्तू मोजतात आणि अनामत रक्कम घेतात. चिप्सच्या पुड्या नेल्या की तेवढं लिखाण वाढतं. भाकरी, ठेचा, शेंगदाण्याची चटणी, गुळाची पोळी, उकडलेली अंडी: हे फडक्यात किंवा डब्यात नेलं तर तपासणी दोन मिनिटांत होते. खवलेदार तळाचे बूट हवेत. पूर्ण बाह्यांचा शर्ट आणि फुल पँट घाला, कारण वाट कारवीच्या झुडपांतून जाते आणि हातपाय खरचटतात. मीठ आणि लिंबू, क्रेप बँडेज, विजेरी ठेवा. ऑक्टोबरात जाणार असाल तर जळवांसाठी पुडीत जास्तीचं मीठ किंवा तंबाखू घ्या. जळू ओढून काढू नका, मीठ टाकलं की ती आपोआप सुटते.

अत्तर, बॉडी स्प्रे घरी ठेवा. कड्यांना आग्या मोहळ असतं. तीव्र वास आणि धूर यांनी माश्या उठतात, म्हणून विडी-सिगारेटही नको. माश्या उठल्याच तर हात झटकू नका. तोंड-मान कपड्याने झाका आणि झाडीत शिरून लांब निघून जा.

चढाई

पायथ्याला मेट इंदवली. धरण झाल्यावर हे गाव उठलं. चौकीपासून थोडं चाललं की ओढ्याजवळ मारुती आणि गणपती लागतात. इथे थांबून बुटांच्या नाड्या घट्ट करा, पोटभर पाणी प्या. पुढे चढ सुरू होतो तो जवळजवळ माथ्यापर्यंत सुटत नाही. झाडी इतकी दाट आहे की दुपारीही सावली असते. सावलीमुळे तहान जाणवत नाही आणि लोक पाणी पीत नाहीत. मग वर उन्हात आल्यावर पोटऱ्यांत गोळे येतात. तहान नसली तरी दर वीस मिनिटांनी दोन घोट प्या.

सगळ्यांत हळू चालणाऱ्याला पुढे ठेवा आणि वाट माहीत असलेल्याला शेवटी. वाटेत एक फाटा नागेश्वरकडे जातो. पुढे पळालेली पोरं हमखास तिथेच चुकतात. नागेश्वरची गुहा आणि वासोटा दोन्ही एका दिवसात होतात, पण पहिली बोट, चांगले पाय आणि वाटाड्या या तिन्ही गोष्टी असतील तरच. पहिल्यांदा जाणाऱ्यांनी नागेश्वर पुढच्या वेळेला ठेवावा.

गवा दिसला तर थांबा, बोलणं बंद करा आणि त्याला वाट द्या. फोटोसाठी जवळ गेलात तर तो अंगावर येऊ शकतो. ब्लूटूथ स्पीकर लावणाऱ्यांना शेकरूसुद्धा दिसत नाही.

माथ्यावर

पडके दरवाजे ओलांडले की समोर बिनछपराचा मारुती. इथून उजवीकडची वाट काळकाईच्या ठाण्याकडे, गडाच्या उत्तर टोकाला जाते. तिथून नागेश्वरचा सुळका आणि कोयनेचं पाणी दिसतं. डावीकडे पाण्याचं जोडटाकं आणि पुढे बाबूकडा. वेळ कमी असेल तर डावीकडे जा. बाबूकडा हा घोड्याच्या नालेसारखा वळलेला उभा कडा आहे, समोर 'जुना वासोटा' नावाचा वेगळा डोंगर. काठावर बारीक मुरूम आणि वाळलेलं गवत असतं, त्यावरून बूट सरकतो. काठापासून दोन मीटर आत बसा आणि वाकून बघायचंच असेल तर पालथं झोपून बघा. वाऱ्यात टोपी उडाली तर तिच्यामागे जाऊ नका.

पेशवाईच्या शेवटी साताऱ्याच्या छत्रपतींचं कुटुंब या गडावर नजरकैदेत होतं. बाबूकड्यावरून चारी बाजूंना पाहिलं की कैदेसाठी हाच गड का निवडला असेल ते कळतं.

उतरताना

अडीचला उठायचं म्हणजे सव्वादोनला हाक द्यायची. उतरताना वाळक्या पाल्याखाली दगड दिसत नाहीत, म्हणून गुडघे थोडे वाकवून छोटी पावलं टाका. काठी असेल तर ती पायाच्या आधी खाली टेकवा. कुणाचा पाय मुरगळला तर बूट काढू नका. सूज वाढून तो परत जात नाही. वरूनच बँडेज बांधा आणि एकाला पुढे पाठवून चौकीवर कळवा.

खाली आल्यावर सगळे आधी बोटीकडे पळतात आणि अनामत विसरते. नेलेल्या वस्तूंची यादी आणि रिकाम्या बाटल्या-वेष्टनं एकाच पिशवीत, एकाच माणसाकडे ठेवा. त्याला बाकीच्यांच्या दहा मिनिटं आधी चौकीवर पाठवा. मोजणीत एक जरी बाटली कमी भरली तरी पैसे कापले जातात आणि मागे ताटकळलेल्या गटाची बोट उगाच खोळंबते.