चर्चमध्ये वाचायचा आजीचा जीवनवृत्तांत: माहिती कुठून काढावी, कसा लिहावा

मराठी ख्रिस्ती घरात आजी गेली की तासाभरात कोणीतरी नातवाच्या हातात कागद देतं: "संध्याकाळी दफन आहे, चार ओळी लिही." त्या घाईत जे लिहून होतं ते कोणाच्याही आजीला लागू पडतं. प्रेमळ, प्रार्थनाशील, परोपकारी. म्हणून कामाचे सरळ दोन भाग करा. दफनविधीसाठी दीडशे शब्द पुरतात: पूर्ण नाव, माहेर, जन्म, बाप्तिस्मा, लग्न, नोकरी, मागे कोण कोण. खरा वृत्तांत पुढच्या स्मरण-उपासनेसाठी राखून ठेवा. तोही पाच मिनिटांचाच. सावकाश वाचलं तर मिनिटाला शंभरेक शब्द होतात, म्हणजे एकूण पाचशे. त्यापुढे गेलात की मागच्या बाकांवर कुजबुज सुरू होते.

इथे नगर, सोलापूर, मिरज अशा भागांतल्या प्रॉटेस्टंट मंडळ्या, म्हणजे चर्च, डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत. वसईच्या कॅथलिक घरांत उपासनेचा क्रम वेगळा, पण माहिती काढायची रीत तीच.

तारखांपासून सुरुवात करा. शाळेच्या दाखल्यावर जन्मतारीख १ जून असेल तर जपून. जूनमध्ये नाव घालायला आलेल्या मुलांना मास्तरांनी सर्रास हीच तारीख दिलेली असते. चर्चचं बाप्तिस्मा रजिस्टर जास्त भरवशाचं. ते बघायला रविवारी जाऊ नका. मधल्या वारी पाळकसाहेबांची किंवा सेक्रेटरींची वेळ घ्या. नोंदी बाप्तिस्म्याच्या तारखेप्रमाणे असतात, जन्माच्या नव्हे, त्यामुळे अंदाजाच्या सालाच्या मागेपुढे दोन-तीन वर्षं चाळा. शोधायचं ते माहेरच्या नावानं, वडिलांच्या नावासकट. जुन्या नोंदी बऱ्याचदा इंग्रजीत असतात आणि आडनावाचं स्पेलिंग लिहिणाऱ्यागणिक बदलतं. फोटो काढण्याआधी विचारा. नाही म्हणाले तर ओळ जशीच्या तशी उतरवून पान क्रमांक टिपा.

मंडळीचं नाव वेगळं दिसलं तर गोंधळू नका. चर्च ऑफ नॉर्थ इंडिया २९ नोव्हेंबर १९७० रोजी स्थापन झालं आणि अँग्लिकन, काँग्रिगेशनल, प्रेसबिटेरियन अशा मंडळ्या त्यात एकत्र आल्या. त्याआधीच्या आजीच्या लग्नाच्या दाखल्यावर जुन्याच मंडळीचं नाव असणार. वृत्तांतात ते तसंच ठेवा. नगरला अमेरिकन मराठी मिशनचं काम १८३१ पासूनचं, मिरजेचं वानलेस हॉस्पिटल १८९४ चं. आजी मिशनच्या बोर्डिंगात शिकलेली किंवा अशा हॉस्पिटलात नर्स असेल, तर प्रमाणपत्र आणि नोकरीची पत्रं कपाटाच्या तळाशी, साड्यांखाली अंथरलेल्या कागदाच्याही खाली बघा.

यानंतर तिचं बायबल. हा सगळ्यात मोठा ऐवज, आणि नेमका हाच पहिल्या आठवड्यात कोणीतरी आठवण म्हणून घेऊन जातं. त्याआधी पानन् पान बघून घ्या. सुरुवातीच्या कोऱ्या पानांवर मुलांचे जन्म, कधी तान्हेपणी गेलेल्या लेकराचंही नाव सापडतं. अधोरेखित वचनांशेजारी बारीक पेन्सिलीत तारीख असते: ऑपरेशनची, मुलाच्या नोकरीची, कोणाच्या जाण्याची. पानांत झावळ्यांच्या रविवारचा (पाम संडेचा) वाळलेला क्रूस, अर्पणाची पावती, जुनी लग्नपत्रिका असं काहीबाही निघतं. वस्तू उचलण्याआधी ती ज्या पानावर आहे त्या पानासकट फोटो घ्या, कारण ती त्याच वचनापाशी का ठेवली हे नंतर कोणी सांगू शकत नाही. खिडकीजवळ, बाजूनं येणाऱ्या उजेडात, फ्लॅश बंद करून फोटो काढलात तर पेन्सिलही वाचता येते. फाटलेल्या पानाला सेलोटेप लावू नका, काही वर्षांत ती पिवळी पडून अक्षरं खाते. वृत्तांतात वचन घ्याल ते तिच्याच प्रतीतून. जुन्या आणि सोप्या भाषांतरातले शब्द जुळत नाहीत, आणि तिच्या वयाच्या बायकांना ते लगेच खटकतं.

आता माणसं. घरच्यांना शेवटी विचारा. आधी महिला मंडळातल्या दोन-तीन जणी, संडे स्कूलमधली तिची एखादी मोठी झालेली विद्यार्थिनी, आणि शेजारीण, मग ती कोणत्याही धर्माची असो. "आजी कशा होत्या?" असं विचारलंत तर "फार प्रेमळ" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा हे विचारा: कोणत्या बाकावर बसायच्या? नाताळचा फराळ कोणाकोणाच्या घरी पोचायचा? कशानं चिडायच्या? कोणाशी अबोला होता आणि तो कसा मिटला? अर्ध्या तासात पुरेसं मिळतं. परवानगी घेऊन फोनवर रेकॉर्ड करा.

लिहिताना विशेषण आलं की ते खोडून त्या जागी तिची कृती घाला. "आजी प्रार्थनाशील होत्या" याऐवजी: "पहाटे गॅस पेटवण्याआधी त्या सगळ्या नातवंडांची नावं वयाप्रमाणे घेऊन प्रार्थना करत, परीक्षा असलेल्याचं नाव पहिलं यायचं." आजारपणाला एक वाक्य, फार तर दोन. हॉस्पिटलची आणि डॉक्टरांची यादी नको. जात, धर्मांतर, जमिनीचे वाद यांपैकी काय घ्यायचं ते घरातल्या मोठ्यांशी आधी बोलून ठरवा. वाचताना व्यासपीठावरून अचानक कळणं कोणालाच आवडत नाही.

घरी आपण आजीला "तू" म्हणतो, पण चर्चमध्ये "त्या". मसुद्यात हे दोन्ही हमखास मिसळतं. शेवटी एकदा फक्त तेवढंच तपासा. नातलगांची नावं वयाच्या क्रमानं घ्या, सुना-जावयांसकट, आणि यादी दोन वेगळ्या शाखांतल्या माणसांना दाखवा. एक नाव गळलं तर पुढची दहा वर्षं ऐकून घ्यावं लागतं.

गीतं दोनच घ्या. क्रमांकाबरोबर पहिली ओळही लिहा, कारण गीतपुस्तकाच्या आवृत्तीप्रमाणे क्रमांक बदलतात. कोणती कडवी म्हणायची आणि चाल कोणती, ते पेटीवाल्याला आदल्या दिवशी सांगा. सर्वात जवळच्या मुलीला वाचायला उभं करू नका. एखादा भाचा किंवा नातसून बरी, आणि दुसरी प्रत पहिल्या बाकावर बसलेल्या कोणाकडे तरी असू द्या. अक्षर अठरा पॉइंट, ओळींत मोकळी जागा, पान वाक्याच्या मध्येच संपता कामा नये.

पत्रक छापणार असाल तर ए-फोर कागद मधोमध दुमडून चार पानं होतात: फोटो, अडीचशे शब्दांचा संक्षेप, उपासनेचा क्रम, कुटुंबाची नावं. फोटो व्हॉट्सॲपवर साधा पाठवू नका, डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर छपाईत चेहरा धूसर होतो. प्रेसचा जुना फॉन्ट युनिकोड मजकुरातले रफार आणि जोडाक्षरं मोडतो, म्हणून प्रूफ छापील कागदावरच वाचा. प्रेसवाला सवयीनं नावाआधी "कै." लावतो, तिथे "ख्रिस्तवासी" करून घ्या. प्रती माणसामागे नव्हे, कुटुंबामागे एक धरा आणि वर वीस जास्त. त्यातली एक पूर्ण वृत्तांतासह चर्चच्या फाइलला द्या, आणि त्या प्रतीच्या मागे रजिस्टरचं साल व पान क्रमांक लिहा.