तोरणा–राजगड एका दिवसात: या चुका टाळा

गाइडसोबत तोरणा आणि राजगड या किल्ल्यांना जोडणारी डोंगरधार एका दिवसात करायला निघालेले गट बहुतेक एकाच ठिकाणी अडचणीत येतात: राजगडाच्या संजीवनी माचीच्या खाली, दुपारी चारनंतर. पाणी संपलेलं असतं, कुणाच्या पोटऱ्यांत गोळे आलेले असतात आणि राजगड चढून उतरायचा अजून बाकी असतो. या सगळ्याचं मूळ पहाटे तोरण्याच्या पायथ्याला, वेल्ह्यात असतं.

उजाडल्यावर निघणं

डिसेंबरात इकडे सूर्य सातच्या आसपास उगवतो आणि सहाला मावळतो, म्हणजे उजेड अकरा तासांचा. वेल्हे, तोरणा, धार, राजगड आणि पुन्हा पायथा ही चाल वीसेक किलोमीटरची. नवख्या गटाला बारा तास सहज लागतात. म्हणून पहिला तासभर डोक्याला बॅटरी लावून चालायचं. साडेपाचला पायथा सोडला तर आठपर्यंत तोरण्याचा बिनी दरवाजा येतो. मेंगाईच्या देवळाशी नाश्ता करा आणि नऊला कोकण दरवाज्यातून बुधला माचीकडे निघा. तोरण्यावर पाहण्यासारखं खूप आहे, पण १४०३ मीटर उंचीचा हा गड ज्याला नीट बघायचा आहे त्याने वेगळा दिवस काढावा.

धारेच्या मधे एका खिंडीतून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता जातो. तिथे दुपारी एकच्या आत पोचायला हवं. एक वाजून गेला असेल तर तिथेच गाडी बोलवा आणि दिवस संपवा. पुढे राजगड चढून उतरेपर्यंत गाडी गाठता येत नाही. सगळीकडे रेंज मिळत नाही, त्यामुळे ड्रायव्हरला ही वेळ आणि जागा सकाळीच सांगून ठेवा. पैसे भरून आलेल्या लोकांना रस्त्यावरून परत नेणं गाइडला जड जातं. तरी जो गाइड हा निर्णय घेतो, त्याच्यासोबत पुन्हा जावं.

पाण्याचा हिशेब चुकणं

माणशी चार लिटर, आणि ते वेल्ह्यातूनच भरून घ्यायचं. धारेवर सावली अगदी थोडी आणि पावसाळा सरला की भरवशाचं पाणी नाही. वाटेवरच्या घरांत सुट्टीच्या दिवशी ताक-सरबत मिळतं, पण त्यावर विसंबून निघू नका. गडावरच्या टाक्यातलं पाणी घ्यायचंच झालं तर फडक्याने गाळा, क्लोरीनची गोळी टाका आणि अर्धा तास थांबून मगच प्या.

तहान लागेपर्यंत थांबायचं आणि मग घटाघटा अर्धा लिटर प्यायचं, ही सवय त्रास देते. दर वीस मिनिटांनी चार-पाच घोट घ्या. घामातून मीठही जातं. नुसतं पाणी पीत राहिलं तर ते भरून निघत नाही आणि पोटऱ्या आखडतात. ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यासाठी असतं. अर्ध्या लिटरच्या बाटलीत सगळं ओतलं की द्रावण फार दाट होतं, तहान वाढते आणि मळमळतं. चक्कर, डोकेदुखी, बोलण्यात गोंधळ दिसला तर त्या माणसाला लगेच बसवा, सावली धरा, मान आणि काखा ओल्या करा. बोलणं अडखळत राहिलं तर चाल तिथेच थांबवून १०८ ला फोन लावा.

शिडीवर घाई

बुधला माचीनंतर उतरताना लोखंडी शिडी लागते. तोंड शिडीकडे, पाठ दरीकडे. एका वेळी एकच माणूस. तो खाली उतरून बाजूला झाला की मग दुसरा. काठ्या सॅकच्या आत ठेवा. बाहेर लटकणारी मॅट, बाटली आधी आत कोंबा, ती पायरीत अडकते आणि माणूस मागे खेचला जातो. ऊन चढल्यावर लोखंड हाताला पोळतं, म्हणून सुती हातमोजे जवळ असावेत.

त्यानंतरचा उतार घसाऱ्याचा आहे: कोरडा मुरूम आणि त्यावर पिवळं पडलेलं गवत. भीतीने माणूस मागे रेलतो, आणि मागे रेललं की भार पायांच्या मागे जाऊन पाय निसटतो. गुडघे किंचित वाकवा, छाती थोडी पुढे घ्या, छोटी पावलं टाका. दोघांत चार-पाच हात अंतर ठेवा आणि दगड सुटला की मोठ्याने "दगड!" ओरडा. गुळगुळीत तळाचे धावायचे बूट इथे कामाचे नाहीत.

गाइड एकच

पंधरा जणांना एक गाइड पुरत नाही. एक पुढे, एक सगळ्यात मागे, आणि मागच्याच्या पुढे कुणीही चालत असलं तरी त्याच्या मागे कुणी नाही, हे पक्कं. वाटाड्या स्थानिक असेल तर उत्तमच, कारण गुरांच्या वाटा मुख्य वाटेसारख्याच दिसतात आणि चुकलेला माणूस बघता बघता भलत्या सोंडेवर उतरतो. आयोजकाला दोन गोष्टी विचारा: राज्याच्या २०२१ च्या साहसी पर्यटन धोरणानुसार नोंदणी आहे का, आणि मागे कोण राहणार. दुसरा प्रश्न टाळला तर पैसे भरू नका.

अळू दरवाज्याशी "पोचलो" म्हणणं

राजगडाच्या अळू दरवाज्यातून संजीवनी माचीवर आलं की सगळे बसतात आणि उरलेलं पाणी संपवतात. पण ही माची सुमारे अडीच किलोमीटर लांब आहे. पद्मावती माचीपर्यंत दमल्या पायांना अजून तासभर लागतो, मग उतार. निदान अर्धा लिटर इथून पुढे शिल्लक हवं.

उतरण्याची वाट सकाळीच ठरवा. चोर दरवाज्याने गुंजवणे गावात उतरणं जवळचं पडतं, पण ती वाट अंगावर येते. गुडघे बोलत असतील किंवा अंधार पडणार असेल तर पाली गावात उतरणारी पाली दरवाज्याची रुंद, पायऱ्यांची वाट घ्या. मात्र गाडी गुंजवण्यात उभी आणि माणसं पालीत, असं व्हायला नको. सहानंतरच्या अंधारात हा घोळ फोनवरून निस्तरत नाही.