लेकीच्या अंगणातला प्लम: नागपूरहून निघण्याआधी आणि पोहोचल्यावर

मिनिसोटात लेक-जावई राहतात, अंगणात प्लमची दोन झाडं आहेत, मे महिन्यात ती पांढऱ्या फुलांनी लदबदतात आणि ऑगस्टमध्ये फळं मात्र मूठभर निघतात. ही तक्रार ज्यांनी व्हिडिओ कॉलवर ऐकली आहे आणि ज्यांचं तिकीट एप्रिलमधलं आहे, त्या नागपूरकर आई-बाबांसाठी ही तयारी. फुलोरा तिथे एप्रिलअखेरपासून मेच्या मध्यापर्यंत कधीतरी येतो आणि आठ-दहा दिवसांत आटोपतो. त्यामुळे विमानातून उतरल्यावर शिकत बसायला वेळ नाही. जे विचारायचं, जमवायचं, हाताला वळण लावायचं ते जानेवारीपासून इथेच.

पहिलं काम एका पैशाचं नाही, पण निम्मी लढाई तिथेच आहे: झाडांची नावं मागवा. लेक म्हणेल, "आई, प्लम आहे गं, साधा प्लम." तेवढ्यावर फोन ठेवू नका. नर्सरीची पट्टी खोडाला लटकत असेल, नसेल तर बिल ईमेलमध्ये सापडेल. नाव स्टॅनली किंवा माउंट रॉयल निघालं तर ते युरोपियन प्लम. ती झाडं स्वतःच्याच परागावर फळतात, आणि त्यांच्या पेशीत गुणसूत्रं ४८ असतात. अंडरवुड, पाइपस्टोन, सुपीरियर, ॲल्डरमन, ला क्रेसेंट यांपैकी काही निघालं तर ती थंडी सोसणारी संकरित जात, गुणसूत्रं १६. या दोन घराण्यांचं आपसात जमत नाही. शेजारी युरोपियन प्लम कितीही फुलला तरी त्याचा पराग संकरित झाडाच्या कामाचा नाही.

दोन्ही झाडं संकरित असूनही फळ का धरत नाही, हे नीट समजून घ्या, कारण पुढची सगळी खटपट त्यावरच आहे. या जाती जपानी प्लम आणि अमेरिकेतला रानटी प्लम यांच्या संकरातून आल्या. जपानी प्लमकडून मोठं, रसाळ फळ आलं. रानटीकडून उणे ३० सेल्सिअसच्या हिवाळ्यात तग धरण्याची ताकद आली. मिनिसोटा विद्यापीठाने एक्सेलसियर गावाजवळ १९०८ साली फळांचं पैदास केंद्र उघडलं आणि तिथून अंडरवुड १९२० मध्ये, सुपीरियर १९३३ मध्ये बाहेर पडली. फळाच्या दृष्टीने दोन्ही झकास. पण दोन वेगळ्या प्रजातींच्या संकराची किंमत पुंकेसरात, म्हणजे फुलातल्या पराग देणाऱ्या नराच्या भागात, मोजावी लागते: अशा बऱ्याच झाडांचा पराग कमी आणि कमकुवत असतो. त्यात प्लम स्वतःचा पराग ओळखतो आणि परागाला फुटणारी नळी कुक्षीवृंतातच, म्हणजे फुलाच्या मधल्या मादीच्या दांड्यातच, अडवतो. "दोन झाडं लावा, काम होईल" हा नर्सरीवाल्याचा सल्ला इथे अर्धवट ठरतो. मादीकडून पाहिलं तर दोन्ही झाडं चोख, नराची बाजू कोणीच सांभाळत नाही.

म्हणून दुसरं काम, पराग देणारं झाड शोधणं. सर्वांत भरवशाचा म्हणजे तो रानटी अमेरिकन प्लम, जो रस्त्याच्या कडेला, शेतांच्या बांधावर झुडपांच्या जाळ्या करून वाढतो आणि पानं फुटायच्या आधीच पांढरा होतो. टोका ही जातही चांगली. साउथ डकोटातल्या ब्रुकिंग्जला नील्स हॅन्सन नावाचे प्राध्यापक होते. कडाक्याची थंडी सोसणारी झाडं हुडकायला ते सायबेरियापर्यंत जाऊन आले होते. टोका त्यांचीच, १९११ सालची. जावयाला सांगा, आत्ताच शेजारीपाजारी विचारून ठेव, कोणाकडे टोका आहे का, कोणाच्या कुंपणाला रानटी प्लम आहे का, आणि फुलं आली की चार फांद्या नेल्या तर चालतील का. सार्वजनिक बागेतली फांदी न विचारता तोडायची नाही. महाराजबागेत तोडून पाहिली असती तर कळलं असतं.

याच फोनवर आणखी एक विचारा: झाडाच्या बुडातून, कलमाच्या जोडाखालून फुटवे येतात का? थंड भागातले प्लम पुष्कळदा रानटी अमेरिकन प्लमच्याच खुंटावर, म्हणजे कलमाच्या खालच्या मुळांच्या झाडावर, बांधलेले असतात. तसं असेल तर जावई दरवर्षी कात्रीने जे छाटतो तेच हवं असलेलं परागाचं झाड आहे. एखादा फुटवा जरा बाजूला वाढू दिला तर काही वर्षांत तो स्वतः फुलेल. खुंट दुसराच असू शकतो, म्हणून पानांचा फोटो मागवून वरच्या झाडाच्या आणि रानटी प्लमच्या पानांशी ताडून पाहा.

आता हाताचा सराव. फक्त फळं हवी असतील तर तो लागत नाही, तो भाग सोडून पुढे जा. पण नातवंडांच्या नावाने नवं झाड जन्माला घालायचं मनात असेल, तर फुलातले पुंकेसर कुक्षीला, म्हणजे मधल्या दांड्याच्या पराग झेलणाऱ्या टोकाला, धक्का न लावता काढता आले पाहिजेत. विदर्भातल्या माणसाला हे परकं नाही. १९७० साली सुरतेच्या केंद्रातून एच-४ हे कपाशीचं संकरित वाण आलं, तेव्हापासून आपल्याकडच्या शेतांत संध्याकाळी कळी सोलायची आणि दुसऱ्या सकाळी पराग लावायचा हे काम बायका अंगठ्याच्या नखाने करत आल्या आहेत. जालना-बुलढाण्याकडे तुमच्या ओळखीत अशी कोणी असेल तर तिच्याकडे एक संध्याकाळ बसा. कुठल्याही व्हिडिओपेक्षा जास्त कळेल.

संत्र्यावर सराव करायचा मोह होईल, कारण जानेवारी-फेब्रुवारीत आंबिया बहर दारातच असतो. चिमटा धरायची सवय होण्यापुरता जरूर करा. पण दोन फरक ध्यानात असू द्या. संत्र्याच्या फुलात पुंकेसर अंडाशयाच्या बुडाशी उभे असतात. प्लमच्या फुलात ते हिरव्या पेल्याच्या काठावर बसलेले असतात, गावठी गुलाबात असतात तसे. त्यामुळे प्लममध्ये एकेक पुंकेसर उपटायचा नाही. फुगलेली, उद्या उमलेल अशी कळी घ्यायची, पेल्याला काठाखाली नखाने गोल चीर द्यायची आणि निदलं, पाकळ्या, पुंकेसर असा सगळा काठ एका वेढ्यात टोपीसारखा उचलायचा. मधे उरतो एकटा हिरवट दांडा, टोकाला कुक्षी. वाकला किंवा खरचटला तर ते फूल गेलं. यासाठी साध्या, एकेरी पाकळ्यांच्या गुलाबाची कळी जास्त उपयोगी. दुसरा फरक असा, की नागपुरी संत्र्याच्या एका बीतून अनेक गर्भ फुटतात आणि रोपं बहुतेक आईचीच नक्कल निघतात. प्लमचं तसं नाही. तिथे प्रत्येक बी नवा जीव, आणि गंमत सगळी तीच आहे.

पराग जिवंत आहे की नाही हे तपासायची तालीमही इथेच होते, तीही सदाफुलीवर, बारावीच्या प्रॅक्टिकलला करतात तशी. किराणा दुकानातला चायना ग्रास एक ग्रॅम, साखर दहा ग्रॅम, पाणी शंभर मिली, उकळून चिमटीच्या टोकाइतकी बोरिक पावडर. पावडर मेडिकलमधली घ्या, कॅरमच्या डब्यातली नको, आणि त्या भांड्यात नंतर स्वयंपाक करू नका. बशीत थर गोठला की वर पराग भुरभुरवायचा, झाकून ठेवायचा, काही तासांनी शंभरपट दाखवणाऱ्या शाळकरी सूक्ष्मदर्शकाखाली बघायचं. कणाच्या रुंदीपेक्षा लांब नळी फुटली असेल तर तो कण मोजायचा. तिकडे सुपीरियरचा आणि रानटी प्लमचा पराग शेजारी शेजारी टाकून पाहिलात, तर वर जे नराच्या बाजूबद्दल लिहिलं ते डोळ्यांनी दिसेल.

सामान फार नाही. इतवारीच्या सराफ्यात बारीक टोकाचा चिमटा आणि दहापट भिंग मिळतं. दोऱ्याची दागिन्यांची लेबलं तिथूनच घ्या, फुलांच्या देठाला बांधायला त्याहून बरं काही नाही. सोबत शिसपेन्सिल, कारण पेनची शाई पावसात जाते. बटर पेपरच्या पिशव्या, झाकणाच्या छोट्या काचेच्या बाटल्या, औषधांच्या डब्यांतून साठवलेल्या सिलिका जेलच्या पुड्या, दोन मऊ ब्रश. चिमटा-कात्री हातातल्या बॅगेत ठेवू नका, मोठ्या बॅगेत टाका.

आणि जे न्यायचं नाही ते ठळक सांगतो: बी, कलमाची काडी, पराग, माती. हिमाचलातून कोणी सांता रोझा प्लमच्या काड्या आणून दिल्या तरी नाही. प्लमच्या कुळातले काही विषाणू परागातून आणि बियांतूनही पसरतात, आणि अमेरिकेत या कुळाच्या आयातीला परवाना लागतो. परतीच्या वाटेवर भारतातही तोच कायदा आहे. तसंही नागपूरच्या हिवाळ्यात या झाडांची थंडीची भूक भागत नाही. आणून लावलंत तर पान येईल, फूल येणार नाही.

पोहोचल्यावर पहिले दोन-तीन दिवस झोपेचं गणित बसवण्यात जातील, पण कळ्यांवर लक्ष ठेवा. जपानी रक्त जास्त असलेली झाडं आधी फुलतात, रानटी प्लम जरा मागून. हा अंतराचा घोळ मिटवायला रानटी प्लमच्या कळ्या फुगलेल्या फांद्या कापून आणायच्या आणि घरात कोमट पाण्याच्या बादलीत ठेवायच्या, म्हणजे चार दिवस आधी उमलतात. उमलल्या की तीच बादली फांद्यांसकट झाडाखाली, शक्य तर फांदीला टांगून वर. पुढचं काम मधमाश्या करतात. पाणी रोज बदला. माझ्या मते नुसत्या फळासाठी याहून चांगला उपाय नाही, आणि शिडीवर चढावं लागत नाही, हे साठी ओलांडलेल्यांसाठी लहान नाही. अट एकच, हवा १२-१३ सेल्सिअसच्या वर असावी. त्याखाली मधमाशी बाहेर पडत नाही, भुंगे तेवढे फिरतात. सलग गारठा असेल तर ब्रश हातात घ्यावाच लागेल. हवामानाचा अंदाज रात्रीचाही पाहा: पूर्ण उमललेली फुलं उणे २ च्या आसपास करपायला लागतात, उणे ५ ला बहुतेक जातात. झाड लहान असेल तर जुन्या चादरी काढून ठेवायला सांगा.

हाताने पराग लावणाऱ्यांनी फुगलेल्या कळ्यांतले परागकोष चहाच्या गाळणीवर घासून कागदावर पाडावेत आणि खोलीत, उन्हात नव्हे, एक-दोन दिवस पसरून ठेवावेत. कोष फुटले की पिवळी पूड दिसते. ती बाटलीत भरून, सिलिका जेलच्या डब्यात, फ्रिजमध्ये. काही आठवडे सहज टिकते. फ्रीझरमध्ये पुढच्या वर्षापर्यंत. बाटली बाहेर काढल्यावर लगेच उघडू नका, नाहीतर आत दव धरतं. पुंकेसर काढलेल्या फुलाची कुक्षी चकचकीत, चिकट दिसली की ब्रशने पराग लावा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा. पिशवी चढवा, लेबलवर आधी आईचं, म्हणजे फळ धरणाऱ्या झाडाचं, नाव, मग फुली, मग बापाचं, आणि तारीख. शंभर फुलांमागे पाच-दहा फळं टिकतील असं धरून चाला, म्हणजे जूनमध्ये गळ झाली की जीव खालीवर होत नाही. एकाच संकराला पुरेशी फुलं द्या. चार संकर अर्धवट करण्यात अर्थ नाही. मी असतो तर सुपीरियर आई आणि टोका बाप घेतला असता. लवकर पिकणाऱ्या जातीला आई करू नये, तिच्या बियांतला गर्भ पुष्कळदा अपुरा राहतो.

आठवड्याभराने पिशव्या काढा. इकडे नवतपा सुरू होईल तेव्हा तिकडे मण्याएवढी फळं दिसू लागतील. त्यांना जाळीच्या पिशव्या घाला. पक्षी आणि खारी लेबल वाचत नाहीत.

फळं ऑगस्ट ते सप्टेंबरच्या सुरुवातीत पिकतात, म्हणजे सहा महिन्यांच्या मुक्कामात खाऊन होतात. बियांचं पुढचं काम मात्र तुमच्या माघारी चालणार, त्याची व्यवस्था निघायच्या आधी लावून द्या. गर पूर्ण धुऊन कोयी काढा, वाळू देऊ नका, ओलसर वाळूत किंवा पीटमध्ये घालून झिपच्या पिशवीत बंद करा. फ्रिजमध्ये २ ते ५ सेल्सिअसला तीन-चार महिने, कधी त्याहून जास्त. पिशवीवर "खायचं नाही, फेकायचं नाही" असं मराठी आणि इंग्रजी दोन्हींत लिहा. महिन्यातून एकदा उघडून बुरशी बघायला लेकीच्या फोनमध्ये गजर लावून द्या. मोड फेब्रुवारी-मार्चमध्ये दिसू लागतील. तेव्हा कुंडी, दक्षिणेची खिडकी, आणि दंव संपल्यावर अंगण. पहिलं फळ यायला तीन ते पाच वर्षं लागतात. रोपं किती ठेवायची हे जावयाशी आधीच बोलून घ्या, कारण दहा रोपांना जागा लागते आणि गवत कापायचं यंत्र तोच चालवतो.