शिकवायला जाताय? आधी गप्प बसायची सवय करा

"ताई, तुम्ही ते इंडोनेशियाला इंग्रजी शिकवायला गेला होता, ते कसं जमवलं?" हा प्रश्न मला महिन्यातून एकदा तरी येतोच. कधी फोनवर, कधी आमच्या सांगलीत हरभट रोडवर भाजी घेताना. प्रत्येकाला तुकड्यातुकड्यानं सांगत बसण्यापेक्षा एकदाच सगळं लिहून टाकते. पासपोर्ट कसा काढायचा, बायोडाटा कसा लिहायचा हे तुम्हाला माहीत असेलच. नसेल तर कुणालाही विचारा, मला नको.

माझं थोडक्यात. शाळा मराठी माध्यमाची. वडिलांचं मारुती चौकाजवळ सायकलचं दुकान. बीए इंग्रजी घेऊन केलं, पण तोंडातून इंग्रजी फुटायला तेविसावं वर्ष उजाडलं. मग विश्रामबागेतल्या एका क्लासवर तीन वर्षं स्पोकन इंग्लिश शिकवलं. 2023 मध्ये फेब्रुवारी ते जून असं एक सत्र योग्याकार्ताला होते, जावा बेटावर. तिथले लोक त्याला जोग्जा म्हणतात. विद्यापीठांचं गाव आहे. एका विद्यापीठाच्या भाषा विभागात पोरांना इंग्रजीत बोलतं करायचं, एवढंच काम. पगार नाही. राहायला खोली आणि दुपारचं जेवण त्यांचं, विमानाचं तिकीट माझं.

आधी व्हिसा, कारण इथं गंमत नाही. मला एका ओळखीच्यांनी सांगितलं होतं, "पगार नाही ना? मग ते काम कसं होईल? विमानतळावर मिळतो त्या व्हिसावर जा, महिनाभरानं वाढवून घे." ऐकू नका. तो व्हिसा 30 दिवसांचा, एकदाच वाढतो आणि तो फिरायला आलेल्यांसाठी आहे. वर्गात उभं राहून शिकवलं की, पैसे घ्या न घ्या, तुम्ही व्हिसाचा गैरवापर केलात. तिथल्या 2011 च्या इमिग्रेशन कायद्याच्या 122 व्या कलमात त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आणि 50 कोटी रुपियांपर्यंत दंड लिहिलाय. मुदत उलटून राहिलात तर दिवसाला दहा लाख रुपिया वेगळे. रुपियातले आकडे ऐकून छाती दडपते, रुपयांत केले की जरा कमी दडपते, पण परत पाठवल्याचा शिक्का पासपोर्टावर बसतो तो बसतोच. बोलावणारी संस्था तुमची हमी घेऊन व्हिसा काढून देत असेल तरच जा. "आधी या, मग बघू" म्हणत असेल तर जाऊ नका. माझे कागद यायला अडीच महिने लागले आणि त्यातला निम्मा वेळ मी रडकुंडीला आले होते. पण आले कागद. येतात.

मध्ये एका एजन्सीनं मला चार आठवड्यांच्या 'स्वयंसेवे'साठी जेवढे पैसे सांगितले तेवढ्यात मी तिथं पूर्ण सत्र राहून आले. फुकट राबायचं आणि वर पैसेही भरायचे? भाषा विभागांना थेट ईमेल करा. मी एकतीस पाठवले, चौघांनी उत्तर दिलं, एकानं बोलावलं.

आणि ते इंग्रजी शिकवण्याचं 120 तासांचं ऑनलाइन सर्टिफिकेट. मीही केलं. सवलतीत मिळालं म्हणून घेतलं आणि नऊ रात्रींत 'नेक्स्ट नेक्स्ट' दाबत संपवलं. अर्जाला जोडायला ठीक आहे. त्यानं शिकवता येतं असं कुणी म्हणत असेल तर त्यानं पोहण्याचं सर्टिफिकेट घेऊन कृष्णेत उडी मारून बघावी.

शाकाहारी असाल तर उपाशी मरणार नाही. तेंपे म्हणजे सोयाबीन आंबवून केलेली वडी, तळून झकास लागते. गादो-गादो म्हणजे उकडलेल्या भाज्यांवर शेंगदाण्याची चटणी. आपल्याकडं दाण्याच्या कुटाशिवाय पान हलत नाही, त्यामुळं मला तर घरीच आल्यासारखं झालं. पण सांबालमध्ये, म्हणजे तिथल्या मिरचीच्या चटणीत, बऱ्याचदा तेरासी असते, म्हणजे कोळंबीची आंबवलेली पेस्ट. "तानपा तेरासी", म्हणजे तेरासी नको, एवढे दोन शब्द पाठ करा. पांढरा कुरकुरीत पापड दिसला तरी विचारून खा. मी न विचारता तीन खाल्ले, तो कोळंबीचा निघाला. आईला अजून सांगितलेलं नाही.

आता मुद्द्याचं. ज्यात मी तोंडावर आपटले ते.

माझा वर्ग चोवीस पोरांचा. महासिस्वा म्हणजे विद्यार्थी. शब्द ऐकून महाशिष्य आठवला ना? असे ओळखीचे शब्द पावलोपावली भेटतात. एका सरांनी बायकोची ओळख "इस्त्री" म्हणून करून दिली, तेव्हा मी चक्क इकडंतिकडं इस्त्री शोधली होती. पोरं हुशार होती, वाचलेलं सगळं समजायचं, व्याकरणाच्या परीक्षेत माझ्यापेक्षा जास्त मार्क काढले असते. फक्त बोलायची नाहीत. प्रश्न विचारला की खाली मान. तिकडं त्याला मालू म्हणतात, म्हणजे लाज, संकोच, सगळं मिळून. मला तर ते तोंडपाठ होतं. मीच ती होते.

त्यामुळं मला वाटलं, मला यांचं दुखणं कळतं. इथंच घोटाळा झाला.

11 मार्चला, शनिवारी, मेरापी ज्वालामुखी उसळला. शहरात फारसं काही जाणवलं नाही, पण मागेलांगच्या बाजूच्या गावांवर राख पडली. सोमवारी वर्गात मी सवयीनं विचारलं, शनिवार-रविवार कसा गेला? पाच आठवड्यांत एकदाही तोंड न उघडलेला मागच्या बाकावरचा एक पोरगा आपणहून उभा राहिला. तो त्याच भागातला. म्हणाला, "मिस, माय हाऊस रेन अॅश. माय मदर ब्रूम, ब्रूम, ब्रूम. ऑल डे." आणि हातानं झाडून दाखवलं. दोन्ही हात, कमरेत वाकून.

मी म्हणाले, "नॉट ब्रूम. स्वीप. माय मदर स्वेप्ट. रिपीट."

तो म्हणाला, "स्वेप्ट." मग "यस, मिस." आणि बसला.

त्या तासाला पुढं एकही हात वर आला नाही. मला वाटलं, सोमवार आहे, कंटाळलेत.

हे मी का एवढं लांबवतेय ते सांगते. 2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलाशी कृष्णा 57 फुटांवर गेली तेव्हा वडिलांचं दुकान आठवडाभर पाण्यात होतं. पाणी उतरल्यावर मी आणि आई चार दिवस खराट्यानं आणि पत्र्याच्या तुकड्यानं गाळ ओढत होतो. बॉल-बेअरिंगचे डबे उघडले तर आत चिखलाचे लाडू झालेले. आई अशीच कमरेत वाकलेली. त्या पोरानं हातानं जे दाखवलं ते मी केलेलं होतं. त्याच्या वर्गात ते कळू शकेल असं एकच माणूस समोर उभं होतं, आणि त्या बाईला त्यात फक्त क्रियापदाची चूक दिसली.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला मी म्हणाले होते, "माय फादर इज हॅविंग अ सायकल शॉप." सरांनी तिथल्या तिथं "हॅज, हॅज" केलं आणि वर्ग हसला. पुढं दोन वर्षं मी इंग्रजीत बोलले नाही. तेच मी दुसऱ्याला दिलं, वर मला वाटलं मी त्याचं भलं करतेय. क्लासवर शिकवताना ही सवय अंगात मुरते. पालकांनी फी भरलेली असते, चूक सोडली तर "मॅडमचं लक्ष नाही" म्हणतात. म्हणून तुम्ही आधी कुठं क्लासवर शिकवलं असेल, तर हा खड्डा तुमच्यासाठी जास्त खोल आहे हे लक्षात ठेवा.

मला हे आपोआप कळलं असं समजू नका. विभागातल्या एक वयस्कर प्राध्यापिका होत्या, त्यांना सगळे बू म्हणत. इबू म्हणजे आई, त्याचंच छोटं रूप, बाईंना हाक मारायचं. पुढच्या तासाला त्या मागं येऊन बसल्या आणि माझी परवानगी घेऊन फोनवर आवाज टेप केला. संध्याकाळी हेडफोन माझ्या हातात दिले. पन्नास मिनिटांचा तास. मी कागद घेऊन बसले आणि मोजलं. सदतीस मिनिटं मी एकटी बोलत होते. संभाषणाच्या तासाला! प्रश्न मीच विचारायचे आणि एक सेकंद शांतता झाली की उत्तरही मीच द्यायचे.

बू त्यावर एक शब्द बोलल्या असतील तर शपथ. फक्त "सुदाह माकान?" असं विचारलं. जेवलीस का? मी जेवले नव्हते.

मार्गदर्शक असा असावा. रोज सकाळी व्हॉट्सअॅपवर 'आजची टीप' पाठवणाऱ्यांचा मला मनस्वी राग आहे. तुमच्या वर्गात मागं येऊन न बसलेल्या माणसाचा सल्ला घेऊ नका, त्यात माझाही आला.

नंतर वाचनात आलं की हा रोग जुना आहे. मेरी बड रो या अमेरिकन बाईंनी 1970 च्या दशकातच वर्गांतल्या ध्वनिफितींवरून दाखवलं होतं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एकच सेकंद थांबतात. तीन सेकंद थांबले की उत्तरं लांबतात आणि एरवी न बोलणारी मुलं बोलायला लागतात. एवढंच. तीन सेकंद. परक्या भाषेत तर आधी वाक्य मनात जुळवायचं असतं, म्हणून मी सात धरले. प्रश्न विचारायचा आणि मनात साताचा पाढा सुरू करायचा. पहिल्या दिवशी सात चोक अठ्ठावीसला मला घाम फुटला होता. सात साते एकोणपन्नासला एक मुलगी बोलली.

चुकांचं काय करायचं? सोडून द्यायच्या का? नाही. कागदावर टिपायच्या, तोंडानं नाही. तास संपताना त्यातल्या तीन फळ्यावर, कुणाच्या ते न सांगता. आणि अर्थच कळत नसेल तेवढ्यापुरतं मध्ये विचारायचं. त्या पोराला मी म्हणायला हवं होतं, "शी वॉज स्वीपिंग ऑल डे? अलोन?" बरोबर शब्द त्याच्या कानावर पडला असता आणि गोष्टही पुढं गेली असती. इतकं सोपं आहे, म्हणूनच त्याचा इतका त्रास होतो.

त्यांची भाषाही थोडी शिकून जा. बोलण्यापुरती नाही, त्यांच्या चुका कळाव्यात म्हणून. इंडोनेशियन भाषेत काळानुसार क्रियापद बदलत नाही. झालं असेल तर आधी 'सुदाह' लावतात, अजून झालं नसेल तर 'बलुम'. त्यामुळं पोरं सारखं "आय ऑलरेडी ईट" म्हणतात. हा आळस नाही, आपल्या "इज हॅविंग"सारखीच मातृभाषा आतून डोकावते.

23 मार्चला रमजान सुरू झाला आणि माझं नशीब उघडलं. दुपारच्या तासाला पोरं उपाशी, तहानलेली, अर्धी झोपेत. बूंनी सुचवलं, वर्ग सोडा, संध्याकाळी त्यांच्याबरोबर बाहेर पडा. रोजा सुटायच्या आधी वेळ घालवत हिंडायचं, त्याला तिकडं ङाबुबुरित असा झकास शब्द आहे. रस्त्याच्या कडेला खाऊचे स्टॉल लागतात. मला काहीच कळेना, मग मीच विचारत सुटले. हे काय? गोड का तिखट? यात तेरासी नाही ना? आणि पोरं बोलायला लागली, कारण पहिल्यांदाच त्यांना माहीत होतं आणि मला नव्हतं. नारळाच्या दुधातल्या केळ्याचा कोलाक कसा करतात ते एका मुलीनं मला वीस मिनिटं इंग्रजीत सांगितलं. तिची आजी त्यात काय घालते, आत्या काय घालते, भांडण कशावरून झालं. व्याकरणाचा पार चुराडा. मी कागदही काढला नाही. त्याच आठवड्यात दोघी-तिघी मला 'मिस' सोडून 'म्बाक' म्हणायला लागल्या, म्हणजे ताई.

मीही त्यांना सांगलीचं भडंग दिलं. दोन किलो नेलं होतं, एका संध्याकाळी संपलं. लसूण ओळखायची पैज लागली होती.

उच्चारांची काळजी करत असाल तर सोडा. मी 'व्ही' आणि 'डब्ल्यू'मध्ये आजही गोंधळ घालते. उलट, ही बाईसुद्धा शिकूनच बोलते हे कळल्यावर पोरं सैल झाली. पण तयारी न करता जाऊ नका. 'मला इंग्रजी येतं, गप्पा तर मारायच्यात' असं म्हणून जाणारे दुसऱ्या आठवड्यात गाणी लावायला लागतात. प्रत्येक तासाला एक प्रश्न असा न्या ज्याचं उत्तर तुम्हाला खरंच हवंय. आधी दोघादोघांत बोलू द्या, मग वर्गासमोर.

तो राखेचा पोरगा दोन तास आलाच नाही. नंतर यायला लागला, दोघांत थोडं बोलायचा. जूनमध्ये शेवटच्या दिवशी सगळे फोटो काढत होते तेव्हा मी त्याला बाजूला गाठलं. फोनवर आमच्या दुकानाचा पुराचा फोटो होता, तो दाखवला. आई खराटा घेऊन उभी, गुडघ्यापर्यंत गाळ. त्यानं बराच वेळ बघितला. मी म्हणाले, तुझ्या आईचं सांग ना, त्या दिवशी अर्धंच राहिलं.

"आय ऑलरेडी फरगेट, मिस," तो हसून म्हणाला.

मी पाढा सुरू केला. सात दाहे सत्तरपर्यंत गेले. मग त्याला कुणीतरी फोटोसाठी हाक मारली.