ॲपल वॉच सोडून स्वस्त स्मार्टवॉच घ्यायचे असेल तर

ॲपल वॉचची ‘सिरीज 10’ ही आवृत्ती सप्टेंबर 2024 मध्ये भारतात आली तेव्हा तिची किंमत 46,900 रुपयांपासून सुरू होत होती. तीन ते सहा हजारांच्या घड्याळातही वेळ, पावले, नाडीचे ठोके, झोप आणि फोनवरच्या सूचना दिसतात. जुन्या घड्याळाची बॅटरी दिवसभर पुरेनाशी झाली की हा हिशेब मनात येतो आणि पुष्कळांच्या बाबतीत तो बरोबरही असतो. फक्त बदलाचा क्रम सांभाळावा लागतो, कारण बहुतेक जण आधी जुने घड्याळ विकून मोकळे होतात आणि आपण काय गमावले याचा शोध नंतर घेतात.

सर्वप्रथम आपण घड्याळाचा खरोखर कोणता उपयोग करतो ते आठवडाभर पाहावे. सोयीच्या गोष्टी, उदाहरणार्थ मनगटावरून मॅक संगणक उघडणे किंवा संदेशाला तिथूनच उत्तर देणे, सुटल्या तरी चार दिवसांत सवय मोडते. सुरक्षेच्या गोष्टींचे तसे नाही. सिरीज 4 पासून, म्हणजे 2018 पासून, ॲपल वॉचमध्ये (‘एसई’ या स्वस्त प्रकारातील ईसीजी वगळता) ईसीजीची आणि माणूस पडल्याचे ओळखून मदतीसाठी फोन लावण्याची सोय आहे. स्वस्त घड्याळांत ती सहसा नसते. एकट्या राहणाऱ्या वयस्कर व्यक्तीसाठी घड्याळ याच कारणाने घेतले असेल, किंवा डॉक्टर त्यातील ईसीजीच्या नोंदी पाहत असतील, तर माझ्या मते हा बदल करूच नये. वाचणारे पैसे त्या मोलाचे नाहीत.

नव्या घड्याळाची निवड करताना जाहिरातीतील व्यायामप्रकारांच्या संख्येकडे दुर्लक्ष करावे. धावायला किंवा सायकलने जाताना फोन घरी ठेवायचा असेल, तर घड्याळात स्वतःचे जीपीएस आहे का ते पाहावे. अनेक स्वस्त घड्याळे फोनचेच जीपीएस वापरतात आणि फोन जवळ नसेल तर अंतराचा केवळ अंदाज देतात. पोहणाऱ्यांनी आयपी 68 या धूळ-पाण्यापासून संरक्षणाच्या खुणेवर न थांबता 5 एटीएम, म्हणजे पाण्याचा दाब सोसण्याची क्षमता सांगणारी, नोंद शोधावी. घरच्या गटात मराठीत संदेश येत असतील, तर पडद्यावर देवनागरी नीट उमटते का हे दुकानातच तपासावे, कारण काही घड्याळांत अक्षरांच्या जागी चौकोन दिसतात किंवा जोडाक्षरे फुटतात. याशिवाय त्या घड्याळाचे ॲप आयफोनच्या हेल्थ ॲपला, किंवा अँड्रॉइडवर हेल्थ कनेक्टला, माहिती देते का हेही पाहावे. अमेझफिटच्या घड्याळांचे झेप ॲप हे करते.

रक्तदाब आणि रक्तातील साखर दाखवण्याच्या दाव्यांबाबत मात्र कठोर राहावे. त्वचा न टोचता साखर मोजणाऱ्या कोणत्याही घड्याळाला किंवा अंगठीला आपण मान्यता दिलेली नाही, असा इशारा अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने, म्हणजे एफडीएने, फेब्रुवारी 2024 मध्ये दिला होता. रक्तदाबासाठी सॅमसंगचे महागडे घड्याळसुद्धा दंडाला पट्टा बांधायच्या यंत्राशी दर 28 दिवसांनी जुळवून घ्यावे लागते. मग दोन हजारांचे घड्याळ कशाशीही न जुळवता आकडा दाखवत असेल, तर त्यावर औषधाची गोळी कमी-जास्त करणे धोक्याचे आहे.

घड्याळ ठरले की जुनी माहिती सुरक्षित करावी. ॲपल वॉचने केलेल्या नोंदी आयफोनच्या हेल्थ ॲपमध्ये साठतात, त्यामुळे घड्याळ गेले तरी त्या फोनमध्ये राहतात. तरीही हेल्थ ॲपमध्ये आपल्या छायाचित्रावर दाबून ‘एक्स्पोर्ट ऑल हेल्थ डेटा’ हा पर्याय निवडावा आणि तयार होणारी झिप फाइल संगणकावर ठेवावी. अनेक वर्षांच्या नोंदी असतील तर ती तयार व्हायला बराच वेळ लागतो. आयफोन सोडून अँड्रॉइडकडे जाणार असाल, तर ही पायरी टाळता येणार नाही.

यानंतर आठवडाभर दोन्ही घड्याळे दोन हातांवर बांधावीत. लोक हसतील, हसू द्यावे. या आठवड्यात दोघांचे आकडे जुळणार नाहीत, आणि त्यामुळे नवे घड्याळ बिघडलेले आहे असे समजू नये. ज्या हाताने आपण कामे करतो त्या हातावर पावले थोडी जास्त मोजली जातात. ॲपल हालचालीने खर्च झालेल्या कॅलरी वेगळ्या दाखवते, तर काही ॲप विश्रांतीतील खर्चही त्यातच मिळवतात. दोन ठोक्यांमधील अंतराची चढउतार, म्हणजे एचआरव्ही, ॲपल एका सूत्राने काढते आणि बऱ्याच इतर कंपन्या दुसऱ्याच सूत्राने, म्हणून जुना आलेख नव्याला जोडून तब्येत सुधारली की ढासळली हे ठरवता येत नाही. नव्या घड्याळाच्या पहिल्या महिन्याची सरासरी हाच पुढचा आधार मानावा. दोन्ही घड्याळे हेल्थ ॲपमध्ये पावले लिहीत असतील, तर पावलांच्या पानावर तळाशी असलेल्या ‘डेटा सोर्सेस अँड ॲक्सेस’मध्ये जाऊन ज्याचे आकडे धरायचे ते घड्याळ वर सरकवावे.

याच आठवड्यात सूचनांची व्यवस्था लावावी. आयफोनच्या ब्लूटूथच्या पानावर नव्या घड्याळाच्या नावापुढील चिन्ह दाबून ‘शेअर सिस्टिम नोटिफिकेशन्स’ चालू करावे. नव्या घड्याळाचे ॲप बोटाने वर सरकवून बंद करण्याची सवय सोडावी, अन्यथा माहिती येणे थांबू शकते. शाओमी, रियलमी, ओप्पो यांसारख्या फोनवर त्या ॲपला ‘ऑटोस्टार्ट’ची परवानगी द्यावी आणि बॅटरी वाचवण्याच्या यादीतून ते वगळावे. सूचना येत नाहीत या तक्रारीचे मूळ अनेकदा इथेच असते.

सगळे सुरळीत चालले की मगच जुने घड्याळ मोकळे करावे. दोन्ही उपकरणे जवळ ठेवून आयफोनच्या वॉच ॲपमध्ये ‘ऑल वॉचेस’ उघडावे, घड्याळाशेजारील चिन्हावर दाबून ‘अनपेअर ॲपल वॉच’ निवडावे आणि ॲपल खात्याचा पासवर्ड द्यावा. यामुळे घड्याळाचा बॅकअप फोनमध्ये राहतो आणि ॲक्टिव्हेशन लॉक निघते. हे कुलूप न काढता विकलेले घड्याळ घेणाऱ्याला वापरता येत नाही. ई-सिमचे, म्हणजे स्वतःचे मोबाइल कनेक्शन असलेले, घड्याळ असेल तर त्याच वेळी योजना काढून टाकण्याचा पर्याय निवडावा, मोबाइल कंपनीलाही तसे कळवावे आणि पुढच्या बिलात त्याची रक्कम लागलेली नाही ना हे पाहावे.