जिन्याखाली, माळ्यावर, ओट्याच्या कोपऱ्यात: अडचणीची जागा वापरताना या चुका टाळा

घरातली अडचणीची जागा वापरात आणायची म्हटलं की आपण टेप घेतो, लांबी-रुंदी मोजतो आणि सुताराला बोलावतो. कपाट त्या मापात बसतंही. पण दार पूर्ण उघडत नाही, मागचं सामान हाताला लागत नाही, पहिल्याच पावसाळ्यात आतून कुबट वास येतो आणि वर्षभरात तिथे पुन्हा अडगळ साचते. दार फिरायला, हात पोचायला आणि हवा खेळायला किती जागा लागेल, हे मोजायचं राहून गेलेलं असतं.

जिन्याखाली खोल कप्पे करणं

रो-हाऊस किंवा बंगल्यातला जिना साधारण ३ फूट रुंद असतो, म्हणून त्याखाली सरसकट ३ फूट खोल कप्पे केले जातात. माणसाचा हात मात्र दोनेक फूटच आत जातो. मागचा फूटभर भाग पहिल्या दिवसापासून वाया.

त्याऐवजी पुढे ओढता येणाऱ्या ट्रॉल्या करा. इथे दुसरी चूक होते. बाजारात सहज मिळणारे टेलिस्कोपिक चॅनल, म्हणजे ट्रॉली पुढे-मागे सरकवणाऱ्या धातूच्या पट्ट्या, २४ इंचांपर्यंतचे असतात. ३ फूट खोल ट्रॉलीला ते लावले तर मागचा भाग जिन्याखालीच अडकून राहतो. अशा वेळी चॅनलचा नाद सोडून ट्रॉलीच्या बुडाला २ इंची चार चाकं लावावीत. चाकं सरळ चालणारीच घ्या. गोल फिरणारी चाकं असली की ट्रॉली तिरकी होऊन शेजारच्या ट्रॉलीवर घासते. दोन ट्रॉल्यांमध्ये अर्धा इंच फट ठेवा आणि एका ट्रॉलीची रुंदी १६ ते १८ इंचांच्या पुढे नेऊ नका, नाहीतर भरल्यावर ती एका हाताने ओढली जात नाही.

उंचीचा हिशोब कागदावर आधीच करता येतो. पायरी ७ इंच उंच आणि १० इंच रुंद असेल, तर पहिल्या पायरीपासून ५ फूट आत जिना ४२ इंच चढलेला असतो. त्यातून स्लॅबची जाडी उभ्या मापात सातेक इंच वजा करा. हाती ३५ इंच उरतात. पहिल्या दोन फुटांत हीच उंची जेमतेम १० इंच भरते. तिथे चपलांचा एखादा खण होतो. तोही नको असेल तर तो भाग सरळ बंद करून टाकावा. त्या टोकाला बारीक तिरकं दार करण्यात पैसा जातो आणि ते उघडायला कुणी जमिनीवर बसत नाही.

बंद खणात सिलिंडर किंवा बॅटरी ठेवणं

ही चूक गैरसोयीपुरती राहत नाही, जिवावर बेतू शकते. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. गळती झाली की तो जमिनीलगत साचतो, आणि जिन्याखालच्या बंद खणातून त्याला बाहेर पडायला वाटच नसते. जिन्याखाली सिलिंडर नकोच, भरलेला नको आणि रिकामा म्हणून ठेवलेलाही नको. ओट्याखालच्या खणात असेल तर तो उभाच ठेवा आणि शटरला अगदी तळाशी जाळी किंवा भोकं असू द्या. शटरच्या वरच्या बाजूला पाडलेली भोकं गॅसच्या कामाची नाहीत.

इन्व्हर्टरच्या लेड-ॲसिड बॅटरीचं उलटं असतं. चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि तो हलका असल्यामुळे वर जातो. त्यामुळे त्या खणाला वर जाळी हवी, बॅटरीत पाणी भरण्यासाठी वर हात जाईल एवढी मोकळीक हवी, आणि शेजारी कपडे किंवा रद्दी नको.

आणि सोसायटीचा जिना हा आपल्या घराचा भाग नव्हे. त्याखाली किंवा मधल्या लँडिंगवर ठेवलेलं कपाट आग लागल्यावर सगळ्यांचीच बाहेर पडायची वाट अडवतं.

माळ्याचं दार आणि पंखा

माळा साधारण ७ फुटांवर आणि २ फूट खोल असतो. छताचा पंखाही जवळपास त्याच उंचीवर फिरतो, हे दार बसवेपर्यंत कुणाच्या ध्यानात येत नाही. १० फूट रुंद खोली घ्या. पंखा मधोमध, म्हणजे भिंतीपासून ५ फुटांवर. त्यातले २ फूट माळ्याचे. नेहमीच्या ४८ इंची पंख्याचं पातं मध्यापासून २ फूट येतं. मध्ये उरला १ फूट. तिथे दीड फुटी दार उघडलं की ते पात्यांच्या वाटेत आलंच. पंख्यासमोरच्या भागात सरकती दारं लावा, किंवा तेवढ्या दोन दारांची रुंदी प्रत्येकी १० इंचांच्या आत ठेवा. सरकत्या दारांनी माळ्याची दोनेक इंच खोली जाते आणि एका वेळी अर्धाच माळा उघडतो. ट्रंक, गाद्या, गणपतीची मखर असं मोठं सामान ठेवायचं असेल तर त्याचं माप आधी घेऊन मगच ठरवा.

माळ्याचा काँक्रीटचा स्लॅब बहुधा तीनेक इंचांचाच असतो. त्यावर पाण्याची टाकी चढवणं टाळा. २०० लिटर पाणी म्हणजे २०० किलो वजन, आणि तेही एकाच जागी. प्लायचा माळा करणार असाल तर १८ मिमी प्लायला दर दोन-अडीच फुटांवर खालून आधार द्या. तो नसला तर मध्ये झोळ पडतो आणि दारं अडकायला लागतात.

ओट्याचा कोपरा

एल आकाराच्या ओट्याखाली कोपऱ्यातला २ फूट बाय २ फुटांचा भाग अंधारा राहतो. त्याच्या दोन्ही बाजूंना लगेच ट्रॉल्या लावल्या तर एक उघडताना तिची दर्शनी बाजू दुसरीच्या हँडलला अडते. कोपऱ्यात दोन्ही बाजूंनी किमान २ इंचांची फिलर पट्टी, म्हणजे न उघडणारी कोरी पट्टी, सोडायला सांगा. हँडल ठळक असेल तर ३ इंच.

फिरते ट्रे दिसायला छान असतात, पण गोल ट्रे चौकोनी खणात बसवला की कोपऱ्यांची जागा वाया जातेच, शिवाय ट्रेवरून पडलेली बरणी मागे जाऊन बसते. ट्रेला उंच कठडा असेल आणि रोजचं सामान ठेवायचं असेल तरच तो घ्यावा. कोपऱ्यामागे ड्राय बाल्कनी असेल आणि मधली भिंत फोडायची गरज नसेल, म्हणजे तिथे आधीच दार किंवा उघडी बाजू असेल, तर तो खण बाल्कनीच्या बाजूने उघडा. सगळ्यात स्वस्त आणि टिकाऊ उपाय तोच. एरवी कडप्प्याचा साधा खण करून मोठं पातेलं, पुरणयंत्र, मोदकपात्र असं सणासुदीचं सामान तिथे ठेवावं.

एकाच ठिकाणी माप घेणं

कोनाडा डोळ्यांना सरळ दिसतो, पण गिलावा क्वचितच गुण्यात, म्हणजे नेमका काटकोनात, असतो. रुंदी खाली, मध्ये आणि वर अशी तीन ठिकाणी मोजा आणि सर्वांत कमी माप धरून त्यातून आणखी पाव इंच वजा करा. उरलेली फट पट्टीने झाकता येते. मोठं झालेलं कपाट मात्र तासावं लागतं. कोपरा काटकोनात आहे का, हे पाहायला एका भिंतीवर ३ फूट, दुसरीवर ४ फुटांवर खूण करा. दोन खुणांमधलं तिरकं अंतर ५ फूट भरलं तर कोपरा बरोबर.

ओलीकडे पाठ फिरवणं

बाहेरच्या भिंतीला प्लाय चिकटवून कपाट केलं की पावसाळ्यात मागून बुरशी धरते. मागे इंचभर फट सोडा, बुडाला ४ इंचांचे पाय द्या आणि दारांना झरोके ठेवा. तळमजल्यावर जमिनीतूनही ओल चढते, म्हणून लाकडाचा जमिनीशी संबंध येऊ देऊ नका. ओट्याखाली आणि बाथरूमलगत आयएस ७१० शिक्क्याचा, म्हणजे ओलीत टिकणारा मरीन प्लाय घ्या. कापलेल्या कडा उघड्या ठेवू नका, पाणी शिरतं ते तिथूनच. भिंतीवर आधीच पोपडे असतील तर गळती सापडेपर्यंत सुतारकाम सुरूच करू नका.

बाथरूमच्या छताखाली माळा करताना वरच्या मजल्याचे पाइप झाकले जातात. तिथे दीड फूट बाय दीड फुटांची उघडणारी झडप ठेवा, नाहीतर पुढे एक सांधा दुरुस्त करायला सगळा माळा उचकटावा लागतो.

दारामागची जागा

इथे कपाट किती खोल हवं यापेक्षा दाराचं हँडल महत्त्वाचं. दार उघडून हँडल भिंतीपासून किती अंतरावर थांबतं ते मोजा. कपाट त्याहून अर्धा इंच कमी खोल करा. चपलांसाठी फूटभर खोली हवी असं सुतार सांगेल, पण तिरके कप्पे केले तर ७ ते ९ इंचांत भागतं. दाराचा स्टॉपर आधी जमिनीवर बसवून घ्या आणि मगच माप द्या.