विमानप्रवासाचा वेळ काढताना या चुका टाळा

दोन शहरांमधल्या अंतराला ताशी ९०० किलोमीटरने भागून आलेले उत्तर प्रवासाचा वेळ म्हणून धरणे, ही नेहमी होणारी चूक आहे. लंडन ते न्यूयॉर्क हे अंतर सुमारे ५,५५० किलोमीटर आहे, म्हणजे भागाकाराने सहा तासांहून थोडा अधिक वेळ येतो. वेळापत्रकात मात्र जाताना साधारण ८ तास आणि परतताना ७ तास दिलेले असतात. विमान गेटवरून हलल्यापासून दुसऱ्या गेटला लागेपर्यंतचा सगळा वेळ, म्हणजे धावपट्टीपर्यंतचे सरकणे, रांगेतले थांबणे, चढणे आणि उतरणे, त्यात धरलेला असतो. शिवाय उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहत असल्याने तेच वारे एका दिशेला साथ देतात आणि दुसऱ्या दिशेला आडवे येतात.

याहून मोठा घोटाळा तिकिटावरच्या वेळा वजा केल्याने होतो, कारण दोन्ही वेळा त्या त्या शहराच्या स्थानिक असतात. लंडनहून सकाळी ११ वाजता निघालेले विमान न्यूयॉर्कला दुपारी २ वाजता पोहोचते, तेव्हा वजाबाकी ३ तास सांगते; न्यूयॉर्कहून संध्याकाळी ७ वाजता निघून लंडनला दुसऱ्या दिवशी सकाळी ७ वाजता उतरलो, तर तीच १२ तास सांगते. दोन्ही शहरांत ५ तासांचा फरक आहे, हे ध्यानात घेतले की ८ आणि ७ तास हे खरे उत्तर मिळते. यात एक बारकावा आहे: अमेरिका मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे पुढे करते आणि ब्रिटन शेवटच्या रविवारी, त्यामुळे मधल्या दिवसांत हा फरक ४ तासांचाच राहतो. म्हणून दोन्ही वेळा आधी यूटीसीमध्ये, म्हणजे जगभर एकच असलेल्या प्रमाणवेळेत, बदलून मगच वजाबाकी करावी, असे मी आग्रहाने सांगेन.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून मार्ग ठरवू नका. पृथ्वीच्या गोलावर लंडनपासून लॉस एंजलिसपर्यंत दोरा ताणून पाहा. तो थेट ग्रीनलंडकडे चढतो आणि जवळचा मार्ग तोच असतो. अर्थात विमानाला तो मिळेलच असे नाही. २०२२ मध्ये रशियाचे आकाश युरोपीय कंपन्यांच्या विमानांना बंद झाल्यापासून हेलसिंकी ते टोकियो हा पूर्वी साडेनऊ तासांच्या आसपास होणारा प्रवास सुमारे १३ तासांवर गेला आहे, म्हणून जुन्या माहितीवर विसंबू नये.

अंतराचे एककही तपासावे, कारण सागरी मैल १.८५२ किलोमीटरचा आणि साधा मैल १.६०९ किलोमीटरचा असतो.

विमान बदलायचे असेल, तर शहराच्या नावाबरोबर विमानतळाचेही नाव वाचा. हीथ्रो आणि गॅटविक हे दोन्ही लंडनचेच विमानतळ असले, तरी त्यांच्यात सरळ रेषेत सुमारे ४० किलोमीटरचे अंतर आहे. त्यात दोन तिकिटे वेगवेगळी काढलेली असतील, तर बॅगा घेऊन पुन्हा चेक-इन करण्याचा वेळही स्वतःलाच राखून ठेवावा लागतो.